गरिबाची पत आणि धनंजयराव गाडगीळ

आपल्या मंडळाच्या वार्षिक स्मरणिकेत दरवर्षी एका थोर पुरुषाचे चरित्र देण्याचा प्रघात आहे. आजवर साधुसंतांची, दानशूर गृहस्थांची आणि ज्ञातिसेवेत झिजलेल्या वडीलधाऱ्यांची चरित्रे या पानांतून वाचकांपुढे आली. यंदा संपादकांनी हे काम आमच्याकडे सोपविले, तेव्हा आम्ही बुद्ध्याच असे नाव सुचविले की जे आपल्या कोष्टी समाजातील नाही. त्याचे कारण आरंभीच सांगणे इष्ट होय.

गेल्या सर्वसाधारण सभेत अशी सूचना आली की, मंडळाच्या शिल्लक रकमेतून समाजातील गरजू कुटुंबांना लहान लहान कर्जे द्यावीत. सूचनेच्या बाजूने पुष्कळ बोलणे झाले, विरुद्धही झाले, आणि अखेर निर्णय येत्या सभेवर सोडण्यात आला. लहान कर्जाने गरिबाचा संसार सावरतो की अधिक खचतो, हा त्या वादाचा गाभा होता. याच प्रश्नाच्या उत्तरासाठी ज्याने आपल्या आयुष्याची चाळीस वर्षे वेचली, असा एक पुरुष आपल्याच नागपुरात लहानाचा मोठा झाला. धनंजय रामचंद्र गाडगीळ हे त्याचे नाव. त्यांचे चरित्र सभेपूर्वी आपल्या घराघरांत वाचले जावे, एवढाच आमचा हेतू आहे.

कर्ज म्हणजे काय, हे आपल्या वाडवडिलांना पुस्तकातून शिकावे लागले नाही. नागपूर, कामठी, उमरेड, भंडारा, पवनी या बाजूच्या विणकरांच्या घरी माग असे, हातात कसब असे, पण सूत विकत घेण्यास रोकड नसे. सूत व्यापारी उधारीवर देई आणि तयार लुगडे त्याच्याच दुकानी घालावे लागे. सुताचा भाव तोच ठरवी, लुगड्याचा भावही तोच ठरवी. घरात आजारपण आले, लग्नकार्य निघाले, की उचल वाढे आणि ती फिटेपर्यंत माग दुसऱ्या कोणाकडे वळविता येत नसे. या व्यवहारात व्याजाचा आकडा वहीत कोठेच दिसत नसे. तो त्या दोन भावांच्या मधल्या अंतरात दडलेला असे. माग चालविणारा दिवसभर धोटा फेकी आणि रात्री हिशेब केला तर देणे होते तेथेच असे. शेतकऱ्याची स्थिती याहून निराळी नव्हती. बियाणे ज्याच्याकडून, पीक त्याच्याच खळ्यावर, असा तोही न्याय होता.

अशा काळात, १० एप्रिल १९०१ रोजी धनंजयरावांचा जन्म नाशिक येथे झाला. बालपण आणि शालेय शिक्षण मात्र नागपुरास झाले. त्या वेळी नागपूर ही मध्यप्रांताची राजधानी होती. जमशेटजी टाटांनी १८७७ साली सुरू केलेल्या एम्प्रेस मिलचा भोंगा शहराला परिचयाचा झाला होता आणि त्याच शहरात हातमागांचा आवाजही ठिकठिकाणी चालू होता. एकीकडे यंत्राचे स्वस्त कापड आणि दुसरीकडे मागावर वाकलेला विणकर, हा देखावा त्या काळच्या नागपुरात वाढणाऱ्या कोणाही मुलाच्या दृष्टीआड राहणे शक्य नव्हते.

पुढे उच्च शिक्षणासाठी ते इंग्लंडात केंब्रिजला गेले आणि तेथे अर्थशास्त्राचा अभ्यास केला. हिंदुस्थानात अलीकडच्या काळात उद्योगधंद्यांची वाढ कशी होत गेली, या विषयावर त्यांनी तेथे प्रबंध लिहिला आणि तो १९२४ साली पुस्तकरूपाने प्रसिद्ध झाला. तेव्हा त्यांचे वय अवघे तेवीस वर्षांचे होते. गिरण्या कशा उभ्या राहिल्या, जुने हस्तव्यवसाय का खालावले, शेतकरी कर्जात का रुतला, या सर्वांची मांडणी त्या पुस्तकात आहे. पुढील अनेक वर्षे ते महाविद्यालयांतून अभ्यासिले गेले. आमच्या मते त्या पुस्तकाचा विशेष हा की, त्यात कोणावर रागावणे नाही आणि कोणाची कीव करणेही नाही. कारणे शोधावी, ती आकड्यांनी ताडून पाहावी आणि मगच बोलावे, ही जी शिस्त त्यांच्या अंगी पुढे जन्मभर दिसली, तिचा आरंभ तेथे आहे.

स्वदेशी परतल्यावर त्यांनी काही काळ मुंबई सरकारच्या अर्थखात्यात काम केले आणि नंतर सुरतेच्या महाविद्यालयाचे प्राचार्यपद पत्करले. सरकारी नोकरीत राहिले असते, तर मानमरातबाला तोटा नव्हता. परंतु १९३० साली पुण्यास भारत सेवक समाजाच्या आश्रयाने आणि साताऱ्याचे रावबहादुर काळे यांच्या देणगीतून गोखले अर्थशास्त्र संस्था स्थापन झाली आणि तिचे संचालकपद धनंजयरावांकडे आले. ते त्यांनी १९६६ पर्यंत, म्हणजे छत्तीस वर्षे सांभाळले. त्यांचे चिरंजीव माधवराव गाडगीळ हे पुढे पर्यावरणाचे मोठे अभ्यासक म्हणून देशभर मान्यता पावले, हेही येथे नमूद करणे योग्य होईल.

या संस्थेत धनंजयरावांनी जे काम आरंभिले, ते त्या वेळच्या विद्वानांना नवीनच होते. अर्थशास्त्र म्हणजे ग्रंथालयात बसून करावयाचा विचार, अशी तेव्हा समजूत होती. यांनी आपल्या सहकाऱ्यांना बाजारात, गावात, घरोघरी पाठविले. पुण्याच्या बाजारात येणारे फळ बागेतून निघून गिऱ्हाइकाच्या हाती पडेपर्यंत त्याची किंमत कोणाकोणाच्या हाती कशी वाटली जाते, याची पाहणी त्यांनी १९३३ साली प्रसिद्ध केली. मोटार वाहतुकीची पाहणी केली. वाई तालुक्यातील शेतीचा जमाखर्च तपासून १९४० साली मांडला. पुणे शहरातील कुटुंबांची मिळकत, धंदा, राहणी यांची मोठी पाहणी केली. घरात काय येते आणि काय जाते हे ठाऊक नसता त्या घराला उपाय सांगणे म्हणजे नाडी न पाहता औषध देणे होय, ही त्यांची धारणा या सर्व कामांतून दिसते. शिक्षकाच्या पेशात आयुष्य घालविलेल्या आम्हांस त्यांचे हे वळण फार भावते. मुलाला काय येते ते न पाहता पुढचा धडा शिकवू नये, हाच त्यातला अर्थ आहे.

आता कर्जाच्या प्रश्नाची थोडी मागील हकीकत सांगितली पाहिजे. १८७५ साली पुणे व अहमदनगर या जिल्ह्यांत शेतकऱ्यांनी सावकारांच्या घरांवर चालून जाऊन कर्जरोखे जाळले. त्यानंतर सरकारने कायदे केले, चौकशा केल्या. जर्मनीत रायफायझन नावाच्या एका नगराध्यक्षाने गावकऱ्यांनी एकमेकांना जामीन राहून कर्ज उभारण्याच्या संस्था काढल्या होत्या. त्यांचा अभ्यास मद्रासचे अधिकारी निकल्सन यांनी केला, आणि पुढे १९०४ साली हिंदुस्थानात सहकारी पतसंस्थांचा कायदा झाला. जो एकटा असता त्याला कोणी उभे करीत नाही, अशा दहा जणांनी एकत्र येऊन एकमेकांची हमी घ्यावी, हे त्या कायद्याचे मूळ तत्त्व होते. आज ज्याला सूक्ष्म वित्त म्हणतात आणि ज्याचा उगम लोक बांगला देशातील महंमद युनूस यांच्या १९७६ च्या प्रयोगात पाहतात, त्याचे बीज आपल्या देशात असे सत्तर वर्षे आधीच पडले होते.

परंतु बीज पडले म्हणून पीक आले नाही. चाळीस वर्षांनंतरही सावकाराचे राज्य कायमच होते. १९४४ साली सरकारने शेतीच्या पतपुरवठ्याचा विचार करण्यासाठी एक समिती नेमली आणि धनंजयरावांना तिचे अध्यक्ष केले. या समितीने जो विचार पुढे ठेवला, तो साध्या व्यवहाराचा होता. ज्याच्या डोक्यावर जुन्या देण्याचा डोंगर आहे, त्याला नवे कर्ज दिले तर ते जुन्या खड्ड्यात जाईल. म्हणून आधी जुने देणे त्याच्या फेडण्याच्या शक्तीइतके खाली आणले पाहिजे आणि मग नवा पुरवठा केला पाहिजे. कर्जाचे माप सावकाराच्या वहीवरून न ठरविता कुटुंबाच्या कमाईवरून ठरवावे, असा त्याचा मथितार्थ. ही गोष्ट वाचकांनी विशेष ध्यानात ठेवावी, कारण पुढे तिचा संबंध येणार आहे.

याच सुमारास धनंजयरावांच्या आयुष्यात एक असे कार्य आले की, ज्याने त्यांचा विचार कसाला लावला. अहमदनगर जिल्ह्यात प्रवरा नदीच्या कालव्याखाली ऊस पिके, पण गुळाचा भाव पडला की शेतकरी बुडे. १९४५ साली बेलापूर रोड येथे भरलेल्या बागायतदारांच्या परिषदेत धनंजयरावांनी असा मार्ग सांगितला की, शेतकऱ्यांनी आपल्याच भागभांडवलावर आपलाच साखर कारखाना काढावा. ही कल्पना लोणीच्या विठ्ठलराव विखे पाटलांनी उचलली. विठ्ठलरावांचे शिक्षण बेताचे. परंतु गावात १९२३ पासून पतपेढी चालविल्याने लोकांची नड आणि लोकांची नियत या दोहोंची त्यांना पारख होती. दारोदार फिरून त्यांनी भाग गोळा केले. प्रवरेचा कारखाना १९५० च्या अखेरीस चालू झाला आणि केंब्रिजचे पदवीधर धनंजयराव त्याचे अध्यक्ष, तर शेतकरी विठ्ठलराव उपाध्यक्ष, अशी जोडी जमली. सुरुवातीची अनेक वर्षे धनंजयरावांनी ते काम पाहिले. भांडवलासाठी मुंबई राज्याचे अर्थमंत्री वैकुंठलाल मेहता यांचा आणि राज्य सहकारी बँकेचा मोठाच आधार मिळाला.

येथे काय घडले ते नीट पाहिले पाहिजे. शेतकऱ्याला कर्ज तर त्यापूर्वीही मिळत होते. जे मिळत नव्हते, ते मालाला खात्रीचे गिऱ्हाईक. कारखाना निघाल्यावर ऊस कोठे जाणार हे आधीच ठरलेले राहिले, पैसे कधी येणार हे ठरलेले राहिले आणि कर्जाचा हप्ता त्या पैशांतूनच वळता होऊ लागला. कर्ज तेच, पण त्याच्या पाठीशी बाजार उभा राहिल्याबरोबर त्याचा परिणाम बदलला. आपल्या मागवाल्याला हा भेद लगेच उमजेल. सुतासाठी उचल देणारा तर मिळे, पण लुगड्याला वाजवी भाव देणारा मिळत नसे. सहकारी विणकर संस्था जेथे सूत देऊन तयार माल घेत गेल्या, तेथेच मागवाल्याला श्वास घेता आला. त्या संस्था नेटाने चालल्या नाहीत, तेथे पुन्हा पहिलेच पाढे पुढे आले.

स्वराज्य आल्यावर रिझर्व्ह बँकेने १९५१ साली ग्रामीण पतपुरवठ्याची अखिल भारतीय पाहणी करविली. तिच्या संचालक समितीचे अध्यक्ष गोरवाला हे होते. धनंजयराव व वेंकटप्पय्या हे सदस्य आणि शास्त्री हे सदस्य-चिटणीस होते. ७५ जिल्ह्यांतील ६०० खेड्यांत, १,२७,३४३ कुटुंबांची चौकशी करण्यात आली. त्यापूर्वी एवढ्या विस्ताराने गरिबाच्या देण्याघेण्याचा हिशेब आपल्या देशात कोणी मांडला नव्हता. १९५४ च्या डिसेंबरात त्याचा अहवाल प्रसिद्ध झाला आणि राज्यकर्त्यांचे डोळे उघडले.

शेतकरी जे १०० रुपये कर्ज काढी, त्यांपैकी जवळ जवळ ७० रुपये सावकारांकडून येत. सुमारे १४ रुपये नातेवाइकांकडून आणि साडेपाच रुपये व्यापारी व दलालांकडून येत. सरकार ३ रुपये ३० पैसे पुरवी. पन्नास वर्षे चाललेल्या सहकारी संस्थांचा वाटा ३ रुपये १० पैशांचा होता, तर मोठ्या व्यापारी बँकांचा पुरता एक रुपयाही नव्हता. शिवाय जे थोडे संस्थांकडून मिळे, ते जमीनदाराकडे व मोठ्या शेतकऱ्याकडे अधिक जाई. लहानाच्या वाट्याला पुन्हा सावकारच. संस्था जमिनीचा उतारा पाहून कर्ज देत. ज्याच्याकडे उतारा नाही, त्याच्याकडे नड असली, कसब असले, इमान असले, तरी तो उभा राहू शकत नव्हता.

दुसरा एखादा असता, तर सहकाराचा मार्गच फसला असे म्हणून मोकळा झाला असता. या समितीने सहकाराचे अपयश झाकले नाही आणि सहकार सोडलाही नाही. तो का हरला, याची कारणे तिने दिली. सावकार गावात बसलेला, व्यापारी त्याचाच नातलग, बाजार त्याच्याच ताब्यात. आणि त्याच्यासमोर चार-दोन निर्धन माणसांची दुबळी संस्था. हा सामना बरोबरीचा नव्हता. म्हणून सरकारने संस्थांत भांडवल घालून त्यांच्या पाठीशी उभे राहावे. कर्ज, मालाची विक्री, प्रक्रिया आणि साठवण यांची एकत्र सांगड घालावी. आणि जमिनीच्या किमतीकडे न पाहता येणाऱ्या पिकाकडे पाहून, पेरणीच्या वेळी कर्ज द्यावे व पीक विकले जाईल तेव्हा वसूल करावे, असे उपाय सुचविण्यात आले. १ जुलै १९५५ रोजी इंपीरियल बँकेची स्टेट बँक झाली आणि तिच्या शाखा लहान गावांकडे वळल्या, ते याच अहवालाचे फळ. वखार महामंडळेही त्यातूनच निघाली.

चरित्रलेखकाने केवळ गुणगान करू नये, असे आम्ही मुलांना निबंध लिहिताना सांगत आलो. तेव्हा आम्हीही तो नियम पाळला पाहिजे. या योजनेत उणिवा होत्या. सरकारचे भांडवल आले, तसा संस्थांत राजकारणाचाही शिरकाव झाला. मोठ्या आकाराच्या संस्था काढण्यावर भर होता, त्याला अनेकांनी तेव्हाच हरकत घेतली. मोठ्या संस्थेत लहान माणसाचा आवाज बुडतो, ही ती हरकत. ज्या भागात पाणी होते, तेथे सहकार फोफावला. कोरडवाहू मुलखात, आणि त्यात आपला विदर्भ आला, तो त्या मानाने खुरटला. भूमिहीन, मजूर, विणकर, हातगाडीवाला यांच्यापर्यंत ते पाणी फार थोडे पोचले. ही मर्यादा मान्य करूनही असे म्हणावे लागते की, गरिबाला दान हवे असे न म्हणता त्याला पत हवी असे म्हणणाऱ्या या पुरुषाने देशाच्या विचारालाच नवी दिशा दिली.

उत्तरायुष्यात मानाची पदे त्यांच्याकडे चालत आली. १९६६ साली ते राज्यसभेवर नियुक्त झाले आणि पुणे विद्यापीठाचे कुलगुरू झाले. १९६७ साली नियोजन मंडळाचे उपाध्यक्ष म्हणून दिल्लीस गेले. केंद्राने राज्यांना द्यावयाच्या साहाय्याची वाटणी ठरविणारे त्यांचे सूत्र आजही त्यांच्याच नावाने ओळखले जाते. लोकसंख्या आणि दारिद्र्य यांना त्यात महत्त्वाचे स्थान होते. १९६९ च्या जुलै महिन्यात चौदा मोठ्या बँकांचे राष्ट्रीयीकरण झाले. त्याच वर्षी धनंजयरावांच्या अध्यक्षतेखालील अभ्यासगटाने असे सुचविले की, प्रत्येक जिल्हा हा एकक धरून तेथील पतपुरवठ्याची आखणी करावी. त्यातून डिसेंबर १९६९ मध्ये अग्रणी बँकेची योजना आली. आपल्या नागपूर जिल्ह्यात हे काम बँक ऑफ इंडियाकडे आहे. तहसिलीच्या गावी कर्जमेळावा भरतो आणि बँकेचे साहेब लोक येऊन बसतात, त्यामागे या नागपूरकर मुलाची आखणी आहे, हे कितीजणांस ठाऊक असेल?

नियोजन मंडळाचे काम संपल्यावर लगेचच, ३ मे १९७१ रोजी, त्यांचे देहावसान झाले. वय सत्तर वर्षांचे होते.

धनंजयरावांच्या पश्चात लहान कर्जाची गाडी बरीच पुढे गेली. १९७५ साली महिला आर्थिक विकास महामंडळ स्थापन झाले. १९८२ साली नाबार्ड ही शेती व ग्रामविकासाची बँक निघाली आणि १९९२ साली तिने ५०० बचत गटांना बँकांशी जोडण्याचा प्रयोग केला. दहा-वीस बायांनी महिन्याला ठरावीक रक्कम टाकावी, ती आपसांत फिरवावी, वह्या लिहाव्या आणि मग बँकेने त्या गटाला कर्ज द्यावे, ही पद्धत आज गावोगाव रुजली आहे. कन्हानलाही आपल्या अनेक भगिनी अशा गटांत आहेत. सही करावयास शिकल्या, बँकेच्या खिडकीशी उभ्या राहू लागल्या, अडीअडचणीला कोणापुढे पदर पसरावा लागत नाही, हा लाभ काही थोडा नव्हे.

परंतु याच वाटेने दुसरेही कोणी आले. कारकुनाला मोटारसायकलवर पाठवून दर आठवड्याला दारी हप्ता गोळा करणाऱ्या कंपन्या आल्या. तारण नको, जामीन म्हणजे शेजारणी, पैसे दोन दिवसांत हातात. आमच्या एका जुन्या विद्यार्थ्याची आई एकदा तीन निरनिराळी कर्जाची कार्डे वाचून घेण्यासाठी आमच्या ओसरीवर आली होती. पहिल्या कर्जातून तिने शिलाईयंत्र घेतले आणि त्यावर तिला खरोखरच चार पैसे मिळू लागले. पुढे घरात मोठे दुखणे आले, तेव्हा दुसरे कर्ज काढले. तिसरे काढले ते पहिल्या दोहोंचे हप्ते भरण्यासाठी. हप्त्याच्या दिवशी गटातील बाया तिच्या दाराशी बसत. त्यांचाही दोष नव्हता, कारण तिने न भरले तर त्यांना भरावे लागे. आम्ही तिन्ही कार्डांवरील आकड्यांची बेरीज केली आणि ती तिच्या महिन्याच्या कमाईशेजारी लिहिली. ती माउली बराच वेळ त्या कागदाकडे पाहत राहिली. तोवर ही बेरीज कोणी करून दाखविलीच नव्हती. १९४४ च्या समितीने सांगितलेली गोष्ट आमच्या ओसरीवर अशी पुन्हा उभी राहिली.

या बाबतीत अलीकडे विद्वानांनी पद्धतशीर परीक्षाही केली आहे. हैदराबादेतील १०४ गरीब वस्त्यांपैकी निम्म्या वस्त्यांत एका कंपनीने आधी कर्जे सुरू केली, उरलेल्या निम्म्यांत नंतर. अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो व त्यांच्या सहकाऱ्यांनी दोहोंची तुलना केली आणि तिचा निष्कर्ष २०१५ साली प्रसिद्ध झाला. ज्यांचा लहानसा धंदा आधीपासून होता, त्यांनी त्यात भर घातली. काहींनी टिकाऊ वस्तू घेतल्या. पण घरखर्च, मुलांचे शिक्षण, स्त्रियांचे घरातील स्थान यांत सरासरीने लक्षणीय फरक पडला नाही. म्हणजे लहान कर्ज हे विष नव्हे, तसे ते अमृतही नव्हे. २०१० साली आंध्र प्रदेशात या कर्जांनी मोठाच अनर्थ ओढवला आणि सरकारला वसुलीस लगाम घालावा लागला. १ एप्रिल २०२२ पासून रिझर्व्ह बँकेचा असा नियम आहे की, ज्या कुटुंबाची वार्षिक मिळकत ३ लाख रुपयांपर्यंत आहे, त्याच्या सर्व कर्जांचे हप्ते मिळून महिन्याच्या मिळकतीच्या निम्म्याहून अधिक होता कामा नयेत. कर्जाचे माप कमाईवरून ठरवावे, हे धनंजयरावांचे तत्त्व इतक्या वर्षांनी नियम म्हणून असे परत आले. तो नियम आपल्या प्रत्येक घरी ठाऊक असला पाहिजे.

आता आपल्या सभेपुढील प्रश्नाकडे वळू. आमचे मत असे की, मंडळाने हे काम अवश्य हाती घ्यावे. पण धनंजयरावांच्या चरित्रातून निघणाऱ्या अटींवर घ्यावे. सहकारी कायद्याखाली रीतसर पतसंस्था नोंदवून, जाणकारांच्या सल्ल्यानेच ते व्हावे. कर्ज देण्यापूर्वी त्या घराचा जमाखर्च घरच्या माणसांसमवेत बसून लिहावा आणि आधीचे देणे किती ते विचारावे. ज्या कामासाठी कर्ज मागितले, त्या मालाला किंवा त्या कसबाला गिऱ्हाईक कोण, हे पाहावे. गिऱ्हाईक नसेल, तर पैसे देण्याआधी ते शोधून द्यावे, कारण समाजाचे बळ तेथेच अधिक कामी येते. हप्ता आठवड्याच्या नेमाने न बांधता कमाई हाती येण्याच्या वेळेस बांधावा. आजारपण आणि अन्नान्नदशा यांना कर्ज देऊ नये. तेथे मदत द्यावी आणि तिची वही वेगळी ठेवावी.

व्याजाविषयी एक गोष्ट शिक्षक म्हणून सांगणे आमचे कर्तव्य आहे. १०,००० रुपये शेकडा १२ ने एका वर्षासाठी घेतले आणि बारा समान हप्त्यांत ११,२०० रुपये फेडले, तर व्याजाचा दर १२ टक्के पडला असे वाटते. परंतु पहिल्या महिन्यापासूनच मुद्दल परत जाऊ लागले, वर्षभर पूर्ण १०,००० हाती राहिलेच नाहीत. सरासरीने त्याच्या निम्म्याहून किंचित अधिक रक्कम वापरावयास मिळाली. म्हणून खरा दर एकवीस-बावीस टक्के पडतो. आपल्या संस्थेने व्याज उरलेल्या मुद्दलावरच धरावे आणि दर कार्डावर ठळक लिहावा. सुताच्या आणि लुगड्याच्या भावांत दडलेल्या व्याजाने आपल्या वाडवडिलांना नागविले. आपण तरी आपल्या माणसापासून ते दडवू नये.

कन्हान नदीचा पूल ओलांडून कामठीकडे जाताना आम्हांस पुष्कळदा वाटते की, या काठावरच्या मागांचा आवाज जवळजवळ थांबला आणि मुले खाणींत, कारखान्यांत, दुकानांत पांगली. पण ज्या नडीने आपले आजे-पणजे सुताच्या दुकानाशी उभे राहिले, ती नड घरोघर आजही आहे. तिच्यापुढे सावकाराचे, कंपनीचे की आपल्या माणसांच्या संस्थेचे दार उघडे असावे, हे येत्या सभेत आपल्यालाच ठरवावयाचे आहे. सभेला येताना प्रत्येकाने आपल्या घरच्या जमाखर्चाची एक चिठ्ठी लिहून सोबत आणावी. धनंजयरावांच्या स्मृतीस तीच खरी आदरांजली होईल.